आतल्या खोलीत कोण कोण

शिवणताईच्या घरात दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि कापडाचे गठ्ठे. आतल्या खोलीत पलंग, बाळाचा पाळणा आणि कपाटाच्या दारावरचा उभा आरसा. बायका कपडे घालून बघायला आत जात, आणि बाळ झोपलेलं असलं तर चवड्यांवर जात. बाळ सात महिन्यांचं. कागदावर तिचं नाव भलं लांबलचक होतं, पण जन्मली तेव्हा नाक म्हणजे शर्टाचं बटण, म्हणून सगळे तिला बटणच म्हणत.

पाळण्यावरच्या भिंतीवर एक छोटा पांढरा कॅमेरा होता. सासूबाई चार महिने राहून आपल्या घरी परत निघाल्या तेव्हा त्यांचे डोळे काही केल्या खळेनात. मग नवऱ्याने तो कॅमेरा आणला. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, त्यामुळे वायरी, स्क्रू, जोडणी सगळं घरच्या घरी. तिघांच्या मोबाईलवर त्याचं चित्र दिसायचं. सासूबाईंना नात दिसली, नवऱ्याला कामावरून लेक दिसली. आणि शिवणताईची तर मोठीच सोय झाली. मशीनच्या घरघरीत बटण रडलेली ऐकू येत नसे. आता मोबाईल मशीनला टेकवून ठेवला की एक डोळा सुईवर आणि एक पाळण्यावर.

बाळंतपणानंतरचं पहिलं मोठं काम हाती आलं होतं. बायकांच्या गायन मंडळाचे अकरा निळे झगे. एकाच रंगाचे, एकाच बेताचे, आणि अंगं मात्र अकरा तऱ्हेची.

त्या दिवशी मंडळाच्या प्रमुख, गायनबाई, आत आरशासमोर उभ्या होत्या. अंगावर अर्धा शिवलेला झगा, पाठीची चेन अजून लावायची होती. शिवणताई तोंडात टाचण्या धरून खाली बसली होती. बटण झोपली होती. इतक्यात भिंतीवर बारीकसा आवाज झाला, आणि कॅमेऱ्याने पाळण्यावरून मान वळवली.

"अगंबाई, हा तुझा पहारेकरी माझ्याकडे का बघतोय?" गायनबाई म्हणाल्या.

शिवणताई टाचण्यांमधून म्हणाली, "सासूबाई असतील. मोबाईलवरून फिरवता येतो तो. बटणला शोधत असतील."

"असं होय!" गायनबाईंनी आरशातूनच कॅमेऱ्याला हात हलवला. "नमस्कार आजी! नात झोपलीये हो. मीच आहे इथे, उघडी पाठ घेऊन!"

दोघीही हसल्या. कॅमेरा क्षणभर तसाच राहिला.

गायनबाई गेल्यावर शिवणताईने सासूबाईंना फोन लावला. तो केवळ गंमत सांगायला.

"आई, आज तुम्ही गायनबाईंना चांगलंच बघून घेतलंत!"

"कोण गायनबाई? मी सकाळपासून बँकेच्या रांगेत उभी आहे गं. चष्मासुद्धा घरी राहिलाय. आज बटणला पाहिलंच नाही मी."

मग नवऱ्याला फोन. तो एका उंच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. "इथे रेंजच नसते गं, आत्ता वर आलोय. काय झालं?"

काही नाही, म्हणून तिने फोन ठेवला. मग मशीन बंद करून तिने कॅमेऱ्याचं ॲप उघडलं. त्यात कुठे काय असतं हे तिला धड ठाऊक नव्हतं. शोधता शोधता एक यादी उघडली, कुठकुठल्या फोनवर हे खातं चालू आहे त्याची. तिचा फोन. नवऱ्याचा फोन. 'आजीचा फोन', शेवटचा वापर काल संध्याकाळी. आणि खाली परत एकदा 'आजीचा फोन'. शेवटचा वापर, आज अकरा वाजून दहा मिनिटं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी गायनबाई नमस्कार करत होत्या.

तिने आधी कॅमेऱ्याची वायर उपटली. मग बटणला झोपेतून उचलून छातीशी धरलं, आणि मग पुन्हा फोन केला.

"आई, तुमचा जुना फोन कुठे आहे?"

"तो होय? दिला की. 'जुना द्या, नवा घ्या' होतं ना दुकानात. झाले वीसेक दिवस."

"त्यातलं सगळं काढून दिलंत ना?"

"म्हणजे काय! सिम काढून घेतलं मी आठवणीने. सिम काढलं की फोन मेला ना?"

"नाही आई. वायफाय मिळालं की उठून बसतो तो. आणि लॉक?"

"लॉक तर तूच काढून दिलं होतंस. ती रेघ ओढायला जमत नाही, नात दिसेपर्यंत जीव जातो, असं मी म्हणाले होते म्हणून."

खरंच होतं ते. तिनेच काढून दिलं होतं, आणि वर म्हणालीही होती, 'तुमच्या फोनमध्ये कोण काय चोरणार आहे?'

सासूबाई त्याच पावली दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, जुने फोन पोत्याने जातात, कुठला कुणाला गेला ते मी कसं सांगू. घरी येऊन त्यांनी फोन केला तेव्हा आवाज बसलेला होता.

"मी टपालात सदतीस वर्षं काढली गं. लोकांची पत्रं ह्या हातांनी निवडली. एक पाकीट कधी उजेडात धरून बघितलं नाही. आणि आता माझ्या नावाने कोण बसलं होतं तुझ्या घरात."

"आई, रडू नका. लॉक मी काढलं होतं. कॅमेरा मीच त्या खोलीत लावू दिला."

पासवर्ड बदलला. सगळ्या फोनांवरून खातं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं. म्हणाल्या, "फोन कुणाकडे आहे ते शोधायचा प्रयत्न करू. पण त्याने काही साठवून ठेवलंय का, हे मला आज सांगता येणार नाही. खोटं आश्वासन देत नाही तुम्हाला."

संध्याकाळी शिवणताई मापांची वही घेऊन बसली. वहीत प्रत्येकीचं माप आणि यायची तारीख असे. फोन दुकानात गेला त्या तारखेपासून पुढे ती बोट फिरवत गेली. अकरांपैकी सात जणी आत जाऊन आल्या होत्या. एक तर दोनदा.

"सांगावं लागेल सगळ्यांना," ती म्हणाली.

नवरा बटणचे पाय पुसत होता. तो मान वर न करता म्हणाला, "कशाला? कॅमेरा काढला, पोलिसांत गेलो. विषय संपला. ज्यांना ठाऊकच नाही त्यांच्या जिवाला उगाच घोर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ आपली असती तर झाकली असती. ह्या सात जणींच्या मुठी आहेत."

"एकदा का हे बाहेर गेलं, तर ह्या घरात कपडे बदलायला कुणी पाऊल टाकेल का? दहा वर्षांत जोडलेली माणसं आहेत तुझी."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. दहा वर्षांत कितीतरी जणी त्या आरशासमोर बोलल्या होत्या. सुटलेली पोटं, ऑपरेशनचे व्रण, कुणाचा दुखरा खांदा, सगळं तिला ठाऊक होतं आणि त्यातलं अक्षरही तिने उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं. शिवणकाम म्हणजे निम्मं हेच. आता बाहेर जायचं ते गेलं होतं, आणि तिच्या तोंडून गेलंच नव्हतं.

तिने सांगितलं. फोनवर नाही, एकेकीच्या दारात जाऊन, बटणला कडेवर घेऊन. बटणची ढाल केली म्हणा हवं तर. तिने मनाशी ते कबूलही केलं.

बेकरीवाली ऐकून खो खो हसली. "माझं पोट बघून तोच मेला असेल गं दचकून!" पण दार लावताना तिने ओढणी पुढे ओढून घेतली. दुसऱ्या एकीने आपला अर्धा झगा तसाच परत मागितला, कारण विचारू नको म्हणाली. तिसरी म्हणाली, "हे मला सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं. आता ह्याचं मी काय करू? तू सांगून मोकळी झालीस." शिवणताईला ते लागलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं.

गायनबाई एकच वाक्य म्हणाल्या, "मी त्याला हात केला गं. नमस्कार म्हणाले."

शेवटी राहिली टाचणी. उंच, काटकुळी मुलगी, वाचनालयात पुस्तकं लावायचं काम करायची. हे नाव शिवणताईनेच ठेवलेलं. दोनदा आत जाऊन आलेली तीच. घरी वडील असतात, नको यायला, म्हणून ती स्वतःच आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नेमकं काय दिसत होतं? मला बघायचंय."

"कशाला बघतेस?"

"नाही बघितलं तर मनात काहीही दिसत राहील."

शिवणताईने कॅमेरा परत जोडला आणि पहिल्यासारखा पाळण्याकडे वळवला. टाचणी अंगभर कपड्यांत आरशासमोर जाऊन उभी राहिली, जिथे त्या दोन दिवशी राहिली होती तिथेच. शिवणताईने मोबाईल तिच्या हातात दिला. चित्रात पाळणा, पलंगाची कड, आणि उजव्या कोपऱ्यात आरशाची एक पट्टी. त्या पट्टीत टाचणी, मानेपासून कमरेपर्यंत.

"म्हणजे कॅमेरा फिरवायचीसुद्धा गरज नव्हती," टाचणी म्हणाली.

"नव्हती," शिवणताई म्हणाली. इतके दिवस तीही रोज हेच चित्र बघत होती. पण तिची नजर पाळण्यावर. आरशाची ती पट्टी तिला दिसूनही दिसली नव्हती.

टाचणी चित्राकडेच बघत राहिली. "ताई, तो जुना फोनवाला जाऊ दे. तुमच्या मिस्टरांच्या फोनवरही हे दिसत होतं ना?"

शिवणताईचा हात बटणच्या पाठीवर होता, तो तिथेच थांबला.

"दिसत होतं."

"ते बघायचे?"

"मी विचारलं नाही."

"आणि आम्हालाही विचारलं नव्हतंत. आत कॅमेरा आहे, चालेल का म्हणून."

"नाही विचारलं," शिवणताई म्हणाली. "आमच्याच घरातली माणसं बघतात, त्यात काय, असं वाटलं. तुमच्या बाजूने ती घरातली नव्हेत, हे डोक्यातच आलं नाही."

टाचणीने मान हलवली. ती माफीची मान नव्हती, नुसतं ऐकल्याची होती. मोबाईल पलंगावर ठेवून ती गेली.

नवरा दुपारी जेवायला आला. शिवणताईने ताट वाढलं नाही. समोर बसली.

"दिवसा तू कॅमेरा बघायचास?"

"बटणला बघायचो. का?"

"आरशात बायका दिसायच्या."

त्याचा चेहरा उतरला. आधी रागाने बोलणार होता, "माझ्यावर संशय?" इतकं म्हणालाही. मग खाली बसला. हात ग्रीसने काळे, ते त्याने गुडघ्यांवर पालथे ठेवले.

"एकदा दिसलं. पहिल्याच आठवड्यात. गायनबाई होत्या. मी लगेच बंद केलं, देवाशप्पथ. त्यानंतर दिवसा उघडलंच नाही कधी. तू विचारायचीस ना, आज लेकीला पाहिलं नाहीस का, कामात होतो म्हणायचो."

"मला सांगितलं का नाहीस? त्याच दिवशी कॅमेरा वळवला असता. कुणी कपडे घालून बघायला आत आली की वायर काढून ठेवली असती. तो माणूस आला तेव्हा त्याला नुसती बटण दिसली असती."

"लाज वाटली," तो म्हणाला. "तुला वाटेल मी मुद्दाम बघितलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चोर होता तो कुठल्या गावचा, कसल्या तोंडाचा, कुणास ठाऊक. पण दार त्या जुन्या फोनने एकट्याने उघडलं नव्हतं. एकीने लॉक काढलं, एकीने सिम काढून हात झटकले, आणि एकजण लाजून गप्प बसला. आणि सगळेच एकमेकांवर माया करणारे.

"परवा मूठ झाक म्हणत होतास ती हीच ना?"

तो उठायला लागला, तिने हातानेच बसवलं.

"टाचणीला मी सांगणार आहे. तिने विचारलंय, तिला उत्तर द्यायचंय. पण गायनबाईंना तू सांग."

"मी? काय तोंडाने?"

"आहे त्याच."

त्याने साबण लावून दोनदा हात धुतले, तरी नखांत काळं राहिलंच. बटणला त्याने खांद्यावर घेतलं, तेव्हा शिवणताईने तिला काढून आपल्याकडे घेतलं. "हिला मध्ये धरू नकोस. मी धरली होती. बरं नाही वाटत नंतर."

गायनबाईंचं घर दोन गल्ल्या सोडून, जिन्याने वर. पायऱ्यांवर तो पुटपुटत होता, वाक्य जुळवत होता, पुन्हा मोडत होता. बेल त्याने वाजवली. आतून कुणीतरी सूर लावत होतं, ते थांबलं.

गायनबाईंनी दार उघडलं. आधी शिवणताईकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आत या म्हणाल्या नाहीत.

"बोला."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने बटणची टोपी सारखी केली.

"बाई," तो म्हणाला, "एक गोष्ट मी तेव्हाच सांगायला हवी होती."