शक्तिनाथांचा दगड आणि केशरची नडगी

बाजारकुणंग गावच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. शक्तिनाथ महाराज एखाद्या धडधाकट गड्याला पाय जुळवून, एक हात आडवा धरून उभं करत आणि दोन बोटांनी तो हात दाबत. गडी कलंडे. मग त्याच्या मुठीत काळी नदीतला ‘सिद्ध’ दगड देत आणि पुन्हा दाबत. आता गडी जागचा हलत नसे. महाराज पृथ्वीतत्त्व, ऊर्जा असं काहीबाही बरळत, आणि रोज डोक्यावर भाताची पोती तोलत डोंगर उतरणारी माणसं त्यांच्या पाया पडत.

त्यांतल्याच लखूनं धाकट्या लेकीसाठी, केशरसाठी, दगड घेतला. तिच्या नडगीच्या हाडाला चीर होती. सहा आठवडे पळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महाराज म्हणाले, दगड बांधून रविवारच्या शर्यतीत पळव. लखूला अर्थातच महाराजांचं पटलं.

थोरली रक्षा धारवाडला विद्यापीठात क्रीडाविज्ञान शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. बापाच्या अकलेची तिला कीव आली, पण नुसतं सांगून तो ऐकणार नव्हता. तिच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर आठवड्याला हालचालीचा एक व्हिडिओ टाकायचा आणि वजन कुठं पडतं ते सगळ्यांनी हेरायचं, असा सरांचा शिरस्ता होता. रेंजसाठी टेकाड चढून तिनं महाराजांचा व्हिडिओ टाकला. तासाभरात वर्गातल्या विमलनं तो संथ करून, वर बाण काढून परत पाठवला. पहिल्यांदा बोटं हात बाहेरच्या बाजूला दाबत होती. तोल पायांबाहेर जायचा. दुसऱ्यांदा आत, अंगाकडे. वजन सरळ पायांवर यायचं. एवढीच ती सिद्धी.

दुसऱ्या दिवशी रक्षानं भर मैदानात बापालाच उभं केलं. मुठीत महाराजांचाच दगड. तिनं हात बाहेर दाबला, लखू दगडासकट कलंडला. मग रिकाम्या मुठीनं उभं करून आत दाबला. लखू ढिम्म हलला नाही. पोरीची नजर अशुभ आहे, असं महाराज म्हणू लागले.

"मग तुमीच दाबा," रक्षा म्हणाली. "चार गडी मुठी झाकून हुबं ऱ्हातील. खरा दगड कुणाच्या मुठीत हाय, ते मातर तुमास्नी सांगायचं न्हाई."

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला.

"पोतं एका अंगाला कललं की असंच हुतं," लखू कपडे झटकत पुटपुटला. मग केशरकडे न बघताच म्हणाला, "आयतवारी पळायचं न्हाई."

चमत्कार दाखवणाऱ्याला पुन्हा दाखवायला लावावं, आणि या वेळी अटी आपण घालाव्यात. केशरचा पाय थोडक्यात वाचला. प्रत्येक केशरला शिकलेली थोरली बहीण असतेच असं नाही. डोकं मात्र प्रत्येक बापाला असतं.