सांधा

फिटरबाईंनी रुळाला तळहात टेकवला आणि चटका बसताच मागे घेतला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. समोरचा सिग्नल अजून हिरवा होता.

“थोडं थांबा मामा. होतो की नाही लाल, बघा.”

मामांनी कपाळावर हात धरून सिग्नलकडे पाहिलं. खात्यात लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. बाईंना पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं. गेले दोन आठवडे हा सिग्नल, पुढे रुळावर चिटपाखरूही नसताना, लाल होऊन बसे आणि जलद गाडी मागे उन्हात ताटकळे. वर्षभरापूर्वी इथली केबल मामांनी जोडली होती, म्हणून खापर त्यांच्या माथी फुटलं. निवृत्तीला चार महिने राहिले असताना साहेबांनी कबुलीजबाब मागितला होता.

“सकाळीच दिला लिहून,” मामा हळूच म्हणाले. “एकेक जोड आठवून पाहिला गं. राहिलं असेल काहीतरी माझ्या हातून.”

बाई झटकन त्यांच्याकडे वळल्या.

“मला विचारायचं तरी! अहो, मंगळवारी ढग होते, तर हा दिवसभर हिरवा. नोंदवहीत आहे. केबलला ऊन-सावली काय कळतंय?”

त्या सरळ खडीवर पालथ्या पडल्या. रुळांतून सतत बारीकशी वीज खेळत असते. गाडीची चाकं तिला मधूनच दुसऱ्या रुळाकडे वळवतात, ती सिग्नलपर्यंत पोचत नाही आणि गाडी आल्याचं समजून तो लाल होतो. ही वीज पुढच्या रुळात जाऊ नये म्हणून दोन रुळांच्या सांध्यात काळी पट्टी बसवलेली असते; तिथून ती गळाली, तर गाडी नसतानाही सिग्नल फसतो. बाई त्या पट्टीकडे डोळे रोखून पाहत राहिल्या. चाकांचे घाव खाऊन रुळाची कड चेपली होती. तिथून लोखंडाचा नखाएवढा पापुद्रा पट्टीवर झुकला होता. ऊन चढत होतं, रूळ तापून लांबत होता आणि पापुद्रा केसाकेसानं पुढे सरकत होता.

“टेकला!” त्या ओरडल्या.

“लाल झाला!” मामांचा आवाज त्याच क्षणी आला.

बाईंनी स्टेशनमास्तरांना फोन करून गाडी मागेच धरायला सांगितली आणि कानस मामांपुढे केली.

“घासा तुम्ही.”

“माझा हात थरथरतोय, पोरी.”

“थरथरू दे. तुमचाच हवा.”

मामा गुडघ्यांवर बसले. चार-पाच घासांतच हात स्थिर झाला. पापुद्रा सुटून खडीत पडला, सिग्नल हिरवा झाला आणि बाईंनी गाडी सोडायला कळवलं.

सिग्नल बिघडल्याची खबर स्टेशनातून लागताच साहेब जातीनं धावत आले. ते पोचतात तोच तिघांनाही बाजूला व्हावं लागलं. भोंगा वाजवत गाडी आली आणि डब्यांमागून डबे धडधडत गेले. गाडीखाली लाल झालेला सिग्नल शेवटचा डबा पुढे निघून गेल्यावर पुन्हा हिरवा झाला. मामा दोन्ही हात वर करून लहान मुलासारखे हसत होते. बाईंनी डोळे पुसले, तशी कानशीची काळी पूड गालभर फासली गेली.

साहेबांनी पापुद्रा उचलला, उलटसुलट करून पाहिला. सांध्यापाशी वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत.

“साहेब,” मामा घुटमळत म्हणाले, “तो सकाळचा माझा कागद...”

“कसला कागद?” साहेबांनी हात खिशात घातला. “माझ्याकडे काही आलेलं नाही.”

खिशातल्या खिशात कागद चुरगाळल्याचा आवाज तिघांनाही स्वच्छ ऐकू आला.