‘मगर’चा चौथा ट्रॅक

फोन वाजला तेव्हा मोहना दिघे नववी ‘ब’चे गणिताचे पेपर तपासत बसली होती. २००८ सालचा जानेवारी होता. उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, चार दिवसांवर आलं होतं आणि बडोद्याच्या तरसालीतल्या त्यांच्या सोसायटीच्या गच्च्यांवर पोरांचा नुसता गलका चालला होता. त्या आरडाओरड्यात तिला पलीकडचा आवाज धड ऐकू येईना.

“कोण बोलतंय?”

“मी प्राची, मुंबईहून. गजेंद्र मोहित्यांच्या बॉक्स सेटचं काम करतेय. आपण मोहना कर्णिक ना?”

मोहनाने हातातलं लाल पेन खाली ठेवलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत कर्णिक म्हणून तिला कुणी हाक मारली नव्हती.

“हो,” ती म्हणाली, “होते.”

गजेंद्र मोहिते कोण, हे बडोद्यात कुणाला सांगावं लागत नसे. घरोघरी केबल आली तेव्हा मोकळ्या केसांचा, गुडघ्यावर फाटकी जीन्स घातलेला हा माणूस दिवसातून दहा वेळा टीव्हीवर दिसायचा. त्याच्या आधीची दहा वर्षं तो कॉलेजांच्या मैदानांवर घसा फोडून गायला होता आणि नंतरची पंधरा वर्षं देशभर गात हिंडला होता. आता सत्तावन्नाव्या वर्षी कंपनी त्याची सगळी गाणी एका पेटीत घालत होती. सहा सीडी, एक्याऐंशी गाणी आणि सोबत फोटोंचं जाड पुस्तक.

“पहिल्या सीडीवरचं पहिलं गाणं ‘मगर’ असलं पाहिजे, असा सरांचा हट्ट आहे,” प्राची सांगत होती. “मूळ टेप सापडली. तिच्यावर चार ट्रॅक आहेत. आवाज, गिटार आणि ड्रम्स छान निघाले. चौथा ट्रॅक टेपच्या काठावरचा. काठाला बुरशी लागलीय, त्यामुळे त्यावर नुसती खरखर आहे. तो तुमच्या बेस गिटारचा होता.”

“अरेरे.”

“मी सरांना म्हटलं, मुंबईत कुणीही वाजवून देईल, तासाभराचं काम आहे. सर म्हणाले, कुणीही नको. मोहना वाजवील.”

मोहनाला हसू आलं. “अहो, मी तीस वर्षांत बेसला हात लावलेला नाही.”

“तेसुद्धा मी म्हटलं त्यांना.”

“मग?”

“म्हणाले, गणित विसरलीय का विचार.”

मोहनाने फोन ठेवला. तिने पुढचा पेपर ओढला, बरोबर आलेल्या उत्तरावर मोठी फुली मारली, मग ते लक्षात आल्यावर खोडाखोड केली आणि शेवटी पेपरांचा गठ्ठाच बांधून ठेवला.

युनिव्हर्सिटीत ती गणित शिकत होती. नंदू तिच्याच वर्गात होता. तो आणि गजेंद्र मिळून एक बँड चालवत, ‘मकरपुरा स्पेशल’ नावाचा; नंदू ड्रम्स वाजवायचा, गजेंद्र गिटार घेऊन गायचा. त्यांचा बेसवाला नोकरी लागून अंकलेश्वरला गेला तेव्हा नंदूने मोहनाला विचारलं होतं, “तुला येईल?” तिने ते वाद्य हातात घेऊन पाहिलं होतं. चारच तारा. आकडे मोजता येत होते आणि लहानपणी तीन वर्षं दिलरुबा शिकल्यामुळे कानही तयार होता. पंधरा महिने तिने बेस वाजवला. नंदूच्या काकांनी अमेरिकेहून आणलेल्या यंत्रावर, त्यांच्याच बंगल्याच्या हॉलमध्ये, गाद्या भिंतींना टेकवून त्यांनी ‘मगर’ टेप केलं होतं. विश्वामित्री नदीच्या पुलाखाली दिवसभर डोळे मिटून पडलेल्या मगरीचं गाणं. वर गाव धावतंय आणि खाली ती एकटी निवांत. गजेंद्रचं स्वतःचं असं ते पहिलं गाणं. मराठीतलं त्याचं तेवढंच. त्याच्या बारा कॅसेट करून मित्रांत वाटल्या होत्या, बाजारात ते कधी आलंच नाही.

पुढच्याच वर्षी गजेंद्र आणि नंदू मुंबईला निघाले. मोहना गेली नाही. लोकांना वाटायचं, घरच्यांनी अडवलं असणार. तसं काही नव्हतं. वडील संस्थानी दप्तरात काम केलेले, शिस्तीचे; पण तेही म्हणाले होते, जायचं तर जा. तिलाच धीर झाला नाही. नंदू वर्षभरात परत आला, कारखान्यात लागला आणि चौऱ्याण्णव साली हृदयविकाराने गेला.

संध्याकाळी तिचा नवरा अविनाश रिफायनरीतून घरी आला. मोहनाने चहा देता देता त्याला सगळं सांगितलं. तिने कॉलेजात ‘गिटार वगैरे’ वाजवली होती, एवढंच त्याला ठाऊक होतं.

“थांब थांब,” तो कप तसाच धरून म्हणाला, “गजेंद्र मोहिते? तो टीव्हीवरचा? तू त्याच्या बँडमध्ये होतीस?”

“तोच. पण तेव्हा तो आमच्या बँडमध्ये होता असं म्हणायचे सगळे. नंदूचा बँड होता तो.”

“आणि हे तू मला सत्तावीस वर्षांत सांगितलं नाहीस?”

“सांगितलं होतं हो. तुम्ही मॅच बघत होतात.”

अविनाशचा उत्साह मग काही आवरेना. वाद्य कुठून आणायचं, हा प्रश्न त्यानेच सोडवला. डभोईला विश्वंभरभाई म्हणून त्याच्या ओळखीचे गृहस्थ गरब्याचा ऑर्केस्ट्रा चालवत. नवरात्र संपलं की त्यांची वाद्यं वर्षभर खोलीत पडून असत. रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून डभोईला गेली. विश्वंभरभाईंनी बेस गिटार काढली, धूळ झटकली आणि आदराने अविनाशच्या हातात दिली.

“मने नहीं,” अविनाश हसत म्हणाला, “बेनने आपो. वगाडवानी ए छे.” वाजवणार ती आहे हे ऐकून विश्वंभरभाईंनी गिटार मोहनाकडे सरकवली.

येताना मोहना मागे बसली होती, पाठीला तिच्या डोक्याहून उंच पिशवी. वाटेत एका ट्रॅक्टरवाल्याने वळून वळून पाहिलं, तशी तिने त्याला हात केला.

प्राचीने कुरियरने एक सीडी पाठवली होती. तिच्यावर उरलेले तीन ट्रॅक वेगवेगळे ऐकता येत होते. मोहनाला गाण्याचा सांगाडा आठवत होता, पण दुसऱ्या कडव्यातलं काहीच आठवेना. मग नुसते ड्रम्स ऐकताना तिला एक गोष्ट कळली. नंदूच्या माइकने हॉलमधले बाकीचे आवाजही थोडे थोडे पकडले होते. कान देऊन ऐकलं तर ड्रम्सच्या मागे, लांबून आल्यासारखा, एक बेस वाजत होता.

“अहो, इकडे या!” तिने अविनाशला हाक मारली आणि हेडफोन त्याच्या कानाला लावला. “ऐकू येतंय?”

“ढोल वाजतोय.”

“त्याच्या मागे ऐका.”

अविनाशने डोळे मिटले. हेडफोन हाताने कानाशी घट्ट दाबून धरला. “ही तू?” त्याने हळूच विचारलं.

“मीच. बावीस वर्षांची.”

त्या पुसट आवाजावरून तिने आपलंच वादन सुरासुराने पुन्हा बसवलं. शाळेतून आल्यावर दोन तास, शनिवारी चार तास. तिसऱ्या दिवशी बोटांना फोड आले, पाचव्या दिवशी ते फुटले. पट्ट्या लावून ती स्टाफरूममध्ये गेली तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की उत्तरायणाला मांजाने बोटं कापली. “दिघे टीचर, या वयात पतंग?” हेडमास्तरांनी विचारलं. “हो ना सर,” ती म्हणाली, “राहवलं नाही.”

रेकॉर्डिंग अलकापुरीतल्या एका स्टुडिओत होतं. एरवी तिथे गरब्याचे आल्बम आणि साड्यांच्या जाहिराती टेप होत. सकाळी दहाला मोहना आणि अविनाश पोचली तर गजेंद्र पायरीवर बसून फाफडा खात होता. केस पांढरे झाले होते, पण मोकळेच होते. तिला पाहून तो उठला. मिठी मारावी की नमस्कार करावा हे दोघांनाही कळेना. शेवटी त्याने कागदातला फाफडाच पुढे केला.

“किती बदललीस!” तो म्हणाला.

“तू नाही बदललास. अजून तोंडात घास घेऊन बोलतोस.”

प्राची तिशीतली, चटपटीत मुलगी होती. तिने मोहनाला काचेच्या पलीकडे बसवलं, हेडफोन दिला. कानात नंदूचा आवाज आला, “एक, बे, त्रण, चार!” घरी मराठी बोलणारा नंदू मोजायचा मात्र गुजरातीत. मोहना दचकली, मग खुदकन हसली आणि पहिला सूर चुकला.

दुसऱ्यांदा चुकला नाही. तिने गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं, एकही सूर इकडचा तिकडे न होऊ देता. काचेपलीकडे पाहिलं तर प्राची मान हलवत होती, पण चेहरा खुलला नव्हता. तिसरी खेप, चौथी खेप. दर वेळी सूर बरोबर येत आणि गाणं दर वेळी पायात दगड बांधल्यासारखं चालत होतं. आपल्याला जमणार नाही आणि ही भली माणसं ते तोंडावर सांगणार नाहीत, असं मोहनाला वाटू लागलं.

गजेंद्र आत आला. स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

“काय करतेयस?”

“तालात वाजवतेय.”

“तेच चुकतंय.” तो हसला. “त्या दिवशी तालात कोण होतं? तू दुसऱ्या कडव्यापासून पळत सुटायचीस. नंदू तुझ्यामागे पळायचा, आणि मी तुम्हा दोघांच्या मागे बोंबलत. आठवत नाही? केवढी भांडणं व्हायची!”

“तू मला म्हणायचास, सावकाश वाजव.”

“मी गाढव होतो. तीस वर्षं झाली, एवढं चांगलं पळणारं माणूस मला पुन्हा मिळालं नाही. मोहना, पेपर तपासू नकोस. पळ!”

ती खुर्चीवरून उठली. खुर्ची पायाने मागे सारली, पट्टा खांद्यावर नीट घेतला, बोटांच्या पट्ट्या काढून खिशात कोंबल्या. “लावा,” ती म्हणाली.

एक, बे, त्रण, चार. पहिलं कडवं तिने धरून ठेवलं. दुसरं सुरू झालं आणि ड्रम्सच्या मागची ती पोरगी निसटली तशी हीसुद्धा निसटली. मोजणं संपलं. नंदूच्या काठ्या तिच्या मागे धावत आल्या, गजेंद्रचा कोवळा, फाटका आवाज त्यांच्यावर स्वार झाला आणि सगळं एकदम उतारावरून सुटल्यासारखं झालं. तिचे पाय आपोआप नाचत होते. बोटांची आग होत होती आणि ती मोठ्याने हसत होती. शेवटच्या ठोक्यावर चौघं बरोबर एका जागी येऊन पडली: गजेंद्र, नंदू, बावीसची मोहना आणि बावन्नची मोहना.

काचेपलीकडे प्राची खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. अविनाशने रेकॉर्डिस्टलाच मिठी मारली होती.

“आणखी एकदा घ्यायचं?” मोहनाने धापा टाकत विचारलं.

“मुळीच नाही,” गजेंद्र म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवण्याची त्याला गरज वाटली नाही. “झालं ते झालं.”

जेवताना प्राचीने वही काढली. “पुस्तकात नाव कसं छापू? कर्णिक की दिघे? आणि साल कुठलं घालू? ऐकणाऱ्यांची फसवणूक व्हायला नको.”

“दोन्ही नावं घाला,” मोहना म्हणाली, “आणि दोन्ही सालं.”

मार्चअखेर पेटी आली. काळ्या पुठ्ठ्याची, विटेएवढी जड. अविनाशने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, “मगर. बेस : मोहना कर्णिक-दिघे, १९७८ आणि २००८.” ते त्याने तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा शेजारच्या शहाबेनना बोलावून वाचून दाखवलं. मग दोघं जमिनीवर बसली आणि एकामागून एक सीडी ऐकत राहिली. तीन संध्याकाळी लागल्या. मैदानांवरची गाणी, मुंबईतली उपाशी वर्षं, टीव्हीवरची गाजलेली गाणी, मग आवाज जाड झाल्यानंतरची शांत गाणी. टीव्हीवर ऐकलेल्या गाण्यांच्या अलीकडे-पलीकडे एवढं काही होतं हे मोहनाला माहीतच नव्हतं. एका माणसाचं सगळं आयुष्य समोर वाजत होतं. कुठे ती मांडीवर ठेका धरत होती, तर कुठे भुवया उंचावत होती.

तिसऱ्या संध्याकाळी तिने गजेंद्रला फोन लावला.

“ऐकलंस सगळं?” त्याने अधीरपणे विचारलं.

“सगळं. पाचवी सीडी फार सुंदर आहे. चौथीवर तू जरा आळस केलायस. आणि दुसऱ्या सीडीवरचा बेसवाला कोण रे? फारच सांभाळून वाजवतो.”

पलीकडे गजेंद्रचं गडगडाटी हसणं आलं. “त्यालाच सांग, इथेच बसलाय. थांब, आधी माझं ऐक. मी नवीन गाणी करतोय. सहा झालीत. एप्रिलमध्ये टेप करायला बसायचंय. येशील?”

अविनाश रिसीव्हरला कान लावूनच उभा होता. तो दोन्ही हातांनी ‘हो म्हण, हो म्हण’ करत होता. मोहनाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“एप्रिलमध्ये जमणार नाही, वार्षिक परीक्षेचे पेपर असतात,” ती म्हणाली. “मे महिन्यात ठेव. मी येते.”