फेलिसाच्या खिशातली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे, आणि एका जागी गप्प पडून राहणं मला कधी जमलंच नाही.

पेन्यासेरा गावच्या चर्चचं मोठं दार माझ्यावाचून उघडत नाही. मला घडवलं पुलापलीकडच्या लोहाराने. तापवलं, बडवलं, पाण्यात बुडवलं. मी चुर्र केलं, तोच माझा पहिला शब्द. माझी एक जुळी बहीणही होती. एका पुराच्या वर्षी ती पुलावरून नदीत पडली आणि मी एकटी उरले. तेव्हापासून या हातातून त्या हातात फिरत आले. आता कितीतरी वर्षं फेलिसामावशीच्या एप्रनच्या खिशात राहते, रुमाल आणि लसणाच्या पाकळ्यांच्या शेजारी.

चर्चच्या दारावर कागद चिकटवलेला आहे. ‘किल्ली समोरच्या हिरव्या दारात मिळेल. जोरात हाक मारा.’ गाव बघायला आलेली माणसं आधी पडका किल्ला चढतात, कमानींच्या चौकात कॉफी पितात आणि मग हाका मारत येतात. मावशी गॅस बारीक करते, आणि आम्ही निघतो. “आत्ताच मसूर शिजत घातले होते,” असं ती दरवेळी कुरकुरते. पण ज्या दिवशी कुणीच हाक मारत नाही, त्या दिवशी ती मला खिशात सारखी चाचपत राहते.

माझं आणखीही एक काम होतं. बाळाला दात येऊ लागले की गावातल्या आया त्याला माझ्याकडे आणत. गार लोखंडाने हिरड्यांना बरं वाटतं. पुढे ती मुलं शहरांत गेली, त्यांची बाळं तिकडेच जन्मली. मला चघळणारं कुणी उरलं नाही.

सरपंच दामियानला तर माझी अडचणच होऊ लागली.

“मावशी, आकड्यांचं कुलूप बसवू. लोक फोनवर आकडा घेतील, दार उघडतील. तुमची पायपीट वाचेल.”

“माझे पाय दुखतात हे तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. रोज सांगता.”

“ते सांगण्यासाठी असतं रे. वाचवण्यासाठी नव्हे.”

मी खिशातून सगळं ऐकत होते. आकड्यांना हाक मारावी लागत नाही. मग हिरवं दार कोण ठोठावणार?

गावचा संत सान रोके, त्याच्या सणाच्या आदल्या दिवशी दुपारी एक हाक आली. सारागोसाहून आलेली नोएलिया, आणि तिच्या कडेवर वेरा. वेराच्या हिरड्या सुजल्या होत्या. रडून रडून पोर लाल झाली होती. आम्ही चर्चचं दार उघडलं. आत एका खांबावर बाळ येशूला अंघोळ घालणाऱ्या बायका दगडात कोरल्या आहेत. नोएलिया तेवढंच बघायला लांबून आली होती, आणि तिला मान वर करायचीही फुरसत मिळेना.

मावशीने मला एप्रनला खसाखसा पुसलं आणि वेराच्या मुठीत दिलं.

“अहो, ही... स्वच्छ आहे ना?”

“आमच्या सरपंचाचे दात हिच्यावरच आले. तो वेडपट निघाला, पण दात बघ त्याचे.”

वेरा गप्प झाली. किती दिवसांनी कोवळ्या हिरड्या मला टेकल्या. नोएलियाने खांब डोळे भरून पाहिला. मग ती आणि मावशी दगडातल्या बायकांविषयीच बोलत राहिल्या. पाणी कोमट असेल का, पंचा कुणाच्या हातात आहे. बोलता बोलता बाहेर आल्या. आमचं दार ओढलं की आपोआप लागतं. उघडायला मात्र मी लागते. वेरा झोपली होती. तिची मूठ दुपट्याखाली होती, आणि मुठीत मी.

गाडी सुरू झाली. पूल मागे पडला, कापलेली शेतं मागे पडली. मला ओरडता येत नाही. उद्या चर्चमधला सान रोकेचा पुतळा त्याच्या कुत्र्यासह मिरवणुकीला निघणार, शहरांतून सगळे गावी येणार, आणि दार बंद. नवं कुलूप बसवायला दामियानला एवढं निमित्त पुरे होतं.

घरी वेराला अंघोळीला घेताना मी ठणकन फरशीवर पडले. नोएलियाने मला झटकन उचललं.

“पोस्टाने पाठवू की,” तिचा नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला.

“इकेर, त्यांचा देव आत कोंडलाय. तो पोस्टाची वाट बघेल का?”

उजाडताच आम्ही निघालो. वेरा मला चघळत होती, आणि मला वळण न् वळण लांब वाटत होतं.

चौकात बँडवाले नुसतेच उभे होते. कुलूपवाला ड्रिल घेऊन तयार होता. आणि दारासमोर स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून, दाराला पाठ लावून मावशी बसली होती.

“मावशी, उठा आता. पाद्रीबाबा ताटकळलेत. ती बाई कशाला येतेय परत?”

“बाळाच्या टोपीची नाडी ती किती अलगद बांधत होती, मी पाहिलंय. येईल.”

“आणि नाही आली तर?”

“तर मला खुर्चीसकट उचल आणि मिरवणुकीत फिरव. सान रोकेपेक्षा हलकीच आहे मी.”

लोक हसले. तेवढ्यात नोएलिया गर्दीतून धावत आली. ती माफी मागू लागली, पण मावशीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने वेराची मूठ हळूच उघडली, मला बाहेर काढलं आणि पोरीच्या तोंडात डोकावली.

“आला,” ती म्हणाली. “खालचा आला.”

मग वेराला कडेवर घेऊन, तिच्या इवल्या हातावर आपला हात ठेवून, मावशीने मला कुलपात फिरवलं. दार उघडलं. बँड वाजू लागला. कुलूपवाला ड्रिलची वायर गुंडाळू लागला, तेव्हा दामियान मावशीजवळ आला. माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाला, “माझ्या लेकीला माद्रिदमध्ये बाळ होणार आहे. त्याचे दात येऊ देत. मग बघू कुलपाचं.”

मित्रांनो, जुन्या गावात एखादं दार बंद दिसलं, तर माघारी फिरू नका. हाक मारा. कुणीतरी गॅस बारीक करून येईल, थोडं कुरकुरेल. कुरकुरू द्या. आणि आम्हाला काचेच्या कपाटात ठेवू नका; फिरवलं नाही की आम्हाला गंज चढतो. फक्त निघताना आपल्या बाळाची मूठ तेवढी उघडून बघा.