मोरदऱ्याची गणती

तेलगाव सोडून धारूरच्या दिशेला निघालं की थोड्या वेळात रस्ता चढायला लागतो. त्या चढाच्या डाव्या अंगाला सालेवाडी नावाची चाळीस उंबऱ्यांची वाडी होती आणि वाडीच्या डोक्यावर मोरदरा. दोन टेकड्यांच्या मधली ती खोल, झाडीनं भरलेली घळ. बायनाबाई लग्न होऊन वाडीत आली त्या वर्षापासून मोरदऱ्यात शेळ्या चारत होती. आता तिनं पंचावन्न ओलांडली होती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, शेळ्या बावीस होत्या, आणि दऱ्यातली एकूण एक पायवाट तिच्या तळव्यांना पाठ होती.

सत्याण्णव सालच्या एप्रिलात ती तेलगावच्या बाजाराला गेली, तेव्हा नेहमीप्रमाणे कावेरीच्या दुकानाच्या पायरीवर टेकली. कावेरी म्हणजे अण्णाराव कापडवाल्यांची सून. सासऱ्याचं कापडाचं दुकान आणि नवऱ्याचं, श्रीशैलचं, किराणा दुकान एकाला एक लागून होतं. किराण्याच्या गल्ल्यावर बहुतेक वेळा कावेरीच असायची. बायनाबाई तिला डिंक आणून द्यायची, बदल्यात चहापत्ती, साखर न्यायची. त्या दिवशी कावेरीनं डिंक बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या डोंगराची नोटीस लागलीये. चावडीवर पाहिली मी."

"कसली नोटीस?"

"खडीचं क्रशर येणार आहे. मोठे रस्ते व्हायला लागलेत ना सगळीकडं, त्याला खडी लागते. डोंगर फोडायला मागितलाय एका कंपनीनं. लिहिलंय की जमीन खडकाळ, वृक्षहीन आणि निरुपयोगी आहे. हरकत असेल तर महिन्याच्या आत कळवा."

"वृक्षहीन म्हंजी?"

"एकही झाड नसलेली."

 बायनाबाई म्हणाली, "हे कुणी लिवलं? आंधळं हाय का ते?"

कोणी लिहिलं ते कावेरीलाही ठाऊक नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी खाली रस्त्यावर उभं राहून कागद भरला असणार, आणि तोच कागद पुढं उतरत आला असणार. पण बायनाबाईला त्या एका शब्दाचा राग आला. डोंगर फोडणार याचा धसका बसायला तिला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. 'निरुपयोगी' मात्र तिला तिथंच, पायरीवरच, लागलं.

घरी हनुमान होता. तिचा एकुलता एक लेक. दसरा झाला की तो आणि त्याची बायको ऊसतोडीला जायचे, ते थेट एप्रिलात परतायचे. नुकताच परत आलेला, हाताच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. आईचं सगळं ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, "माय, भगवानराव सरपंच म्हणालेत, क्रशरवर वाडीतली चाळीस माणसं घेणार. बाराही महिने काम. माझं नाव दिलंय मी."

"कावून दिलंस?"

"कावून म्हंजी? कोयता सुटंल आमचा. तुझ्या झाडांनी सुटणार हाय का?"

 सहा महिने पोरगा आणि सून पालात राहतात, अंधारात उठून फडात जातात, हे ती दरसाल बघत होती. तिनं भाकरी थापायला घेतली आणि विषय तिथंच राहिला. पण सकाळी शेळ्या सोडायच्या आधीच ती पुन्हा तेलगावला पोचली होती.

"कावेरीताई, हरकत लिवा," ती म्हणाली.

कावेरीनं लिहिली. चौथ्या दिवशी ती स्वतः तालुक्याला जाऊन अर्ज देऊन आली. तिथं तिला वनखात्याचे वनपाल बद्रीनाथ भेटले. माणूस कमी बोलणारा. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "कोर्टाचा नवा निकाल आलाय. कागदावर काय लिहिलंय ते आता पुरत नाही, जागेवर जंगल असेल तर ते जंगल. पण बाई, पाहणी पंधरा मे ला आहे. मे महिन्यात तो डोंगर कसा दिसतो ठाऊक आहे ना?"

ठाऊक सगळ्यांनाच होतं. मे महिन्यात सालई उघडी, धावडा उघडा, सीताफळाच्या नुसत्या काटक्या. रस्त्यावरून पाहिलं तर सगळा डोंगर करपलेल्या भाकरीसारखा दिसायचा. वरचे साहेब जीपमधून खाली उतरणार, वर बघणार, मान हलवणार आणि निघून जाणार.

कावेरीनं दुकानात परतून हे सगळं सांगितलं तेव्हा बायनाबाई म्हणाली, "मग झाडं मोजून दाखवू."

"मावशी, मोजली हे साहेबांना दिसणार कसं?" कावेरीनं विचारलं.

बायनाबाईची नजर शेजारच्या दुकानात गेली. अण्णारावांचा शिंपी कापडाच्या कडा कातरून कोपऱ्यात ढीग लावत होता. लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या, पांढऱ्या.

अण्णारावांनी आधी हात वर केले. भगवानराव सरपंच त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या घरच्या प्रत्येक लग्नाचा बस्ता याच दुकानातून जायचा. पण सून समोर उभी होती, आणि सुनेचं तोंड त्यांना वाचता येत होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "हे बघ कावेरी, चिंध्या मी रोज बाहेर टाकतोच. त्या कोण उचलून नेतं ते बघत बसायला मला सवड नाही."

दुसऱ्या दिवसापासून दुकानाबाहेर टाकलेल्या चिंध्या मोठ्या शिस्तीच्या निघाल्या. हातभर लांबीच्या, शंभर-शंभराच्या जुड्या बांधलेल्या.

बायनाबाईनं वाडीतल्या सहा बायका गोळा केल्या. छबुबाई सगळ्यात पुढं, कारण तिचं माहेर अशाच एका दुसऱ्या क्रशरशेजारी होतं आणि तिथल्या धुळीनं तिच्या भावाचा खोकला जात नव्हता. ठरलं असं, की मनगटाहून जाड प्रत्येक झाडाला एक चिंधी. धावड्याला लाल, खैराला पिवळी, सालईला निळी, पळसाला हिरवी आणि सीताफळाला पांढरी. किती जुड्या संपल्या ते कावेरी लिहून ठेवणार, म्हणजे हिशेब आपोआप लागणार.

"चंदनाला कोणती?" छबुबाईनं विचारलं.

"चंदनाला न्हाई बांधायची," बायनाबाई म्हणाली. "चोराला पत्ता सांगायचा का आपून?"

पहिले दोन दिवस मोठ्या मजेत गेले. सकाळी ऊन चढायच्या आत काम, मग दऱ्याच्या तळाला पाण्याच्या डोहाशी बसून भाकरी. तिथं मेतही गारवा असायचा. बायका एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या आणि वरच्या कड्यावरून मोर ओरडून दाद द्यायचे. इतक्या वर्षांत या बायका लाकडांसाठी दऱ्यात आल्या होत्या, पण नुसत्या बघायला कधी आल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी बायनाबाई एकटी कड्याच्या सालईकडं निघाली. तिथं पाय ठेवायला वीतभर जागा होती. मागून कुणी येतंय असं वाटून तिनं वळून पाहिलं, तर हनुमान.

"मी तुझ्या बाजूनं न्हाई," तो म्हणाला. "तू पडशील म्हणून आलोय. ती जुडी हिकडं दे."

त्या दिवशी कड्यावरच्या सगळ्या सालया त्यानं बांधल्या. दुसऱ्या दिवशीही आला, आपण का आलो ते न सांगता. पलीकडच्या उतरणीवर सीताफळी होत्या, त्या त्यानं बांधायला घेतल्या. दुपारपर्यंत पांढऱ्या जुड्या संपल्या. नव्या आणल्या, त्या संध्याकाळी संपल्या. तिसऱ्यांदा आणायला तो स्वतः तेलगावला गेला तेव्हा अण्णाराव म्हणाले, "आता धोतराचं पान फाडू का माझ्या?" आणि खरोखरच मांजरपाटाचं एक अख्खं ठाण त्यांनी कातरायला काढलं.

 परत आल्यावर जेवताना हनुमान म्हणाला, "माय, एवढ्या सीताफळी हायत हे मला ठावं नव्हतं."

"तुला कसं ठावं असंल? फळं पिकतात तवा तू फडात असतोस."

पाहणीला चार दिवस उरले असताना मात्र घोटाळा झाला. बायनाबाई सकाळी दऱ्यात गेली तर खालच्या उतरणीवरच्या झाडांवर एकही चिंधी नव्हती. तिला वाटलं, सरपंचाच्या माणसांनी काढल्या. ती तावातावानं खाली निघाली, तेवढ्यात तिला आपलीच ठिपक्यांची शेळी दिसली. शेळीच्या तोंडातून लाल काठ लोंबत होता आणि ती मन लावून चघळत होती. बाकीच्याही त्याच कामात होत्या. बायनाबाई कपाळाला हात लावून खाली बसली आणि मग तिला हसू आवरेना. छबुबाई आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसण्याचं आहे हे कळायला छबुबाईला वेळ लागला. त्या दिवशी शेळ्या घरी बांधल्या गेल्या आणि सगळी खालची झाडं पुन्हा, या खेपेला डोक्याच्या वर, बांधून काढावी लागली. या जुड्या कावेरीनं गणतीत धरल्या नाहीत.

पंधरा तारखेला भगवानरावांनी खाली रस्त्यालाच मांडव घालून ठेवला. खुर्च्या, थंड पाण्याचे माठ, चहा, चिवडा. साहेबांना वर चढायची तसदी पडू नये, हा त्यामागचा विचार. दोन जीप आल्या. साहेब उतरले, कंपनीचा माणूस उतरला, बद्रीनाथ उतरले. भगवानरावांनी हार घातला. साहेबांनी चहाचा कप उचलला, वर पाहिलं, आणि कप तसाच हातात राहिला.

गरम वारा सुटला होता. करपलेल्या डोंगरावर वरपासून खालपर्यंत हजारो चिंध्या फडफडत होत्या.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"जत्राबित्रा असंल काही," भगवानराव म्हणाले. "अडाणी लोक हायत साहेब."

"जत्रा न्हाई," बायनाबाई मांडवाच्या कडेनं पुढं आली. "गणती हाय. एक चिंधी म्हंजी एक झाड. कागदात लिवलंय झाड न्हाई म्हणून, ते तपासायला तुमी आलाव. वर चला, दाखवते."

कावेरीनं वही पुढं केली. साहेबांनी पानं उलटली. धावडे दोन हजार एकशे. खैर नऊशे. सीताफळी तीन हजार चारशे. त्यांनी कप खाली ठेवला आणि रुमाल डोक्याला बांधला.

कंपनीचा माणूस वाटेत म्हणाला, "चिंध्या काय, कुठल्याही काटकीला बांधता येतात साहेब." साहेबांनाही ते पटलं असावं. दऱ्याच्या मध्यावर ते थांबले आणि बायनाबाईला म्हणाले, "या ओढ्यापासून त्या काळ्या दगडापर्यंत धावडे किती?"

"एकसष्ट," बायनाबाई लगेच म्हणाली. इथं तिनं स्वतः बांधल्या होत्या.

बद्रीनाथांनी एकेका झाडाला हात लावत मोजलं. सगळे उन्हात उभे राहिले. ते परत आले आणि म्हणाले, "त्रेसष्ट आहेत."

कंपनीचा माणूस हसला. बायनाबाईचं तोंड उतरलं. बद्रीनाथ मात्र साहेबांकडं वळून म्हणाले, "बाईंनी दोन झाडं कमीच सांगितलीत साहेब. वाढवून नाही."

साहेब खाली डोहाशी बराच वेळ बसले. बूट काढून पाय पाण्यात सोडले. पलीकडच्या कपारीत लांडोर निवांत पाणी पीत होती, तिला माणसांचं काही पडलेलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "हे पाणी आटतं कधी?"

"मी सून म्हणून आले तवापास्नं आटलेलं न्हाई," बायनाबाई म्हणाली. "वाडीची हीर ह्याच्याच जिवावर हाय. वरचा दगुड फोडला तर हे कुठं जाईल ते तुमीच सांगा."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

जुलैत आदेश आला. मोरदरा आणि दोन्ही टेकड्या वनखात्याकडं, खडीला परवानगी नाही. कावेरीनं तो वाचून दाखवला तेव्हा सातही बायका दुकानात उभ्या होत्या, आणि अण्णारावांनी कारण न सांगता सगळ्यांना पेढे वाटले. पण आदेशाच्या शेवटी एक ओळ होती. दऱ्यात चराईला बंदी.

बद्रीनाथ स्वतः वाडीत आले ते हेच सांगायला. "बाई, तुम्ही मोठी झाडं मोजलीत. लहान रोपटी किती होती?"

बायनाबाईनं मान खाली घातली. लहान रोपटी नव्हतीच. चिंध्या शेळ्या खातात तर रोपटी काय सोडणार होत्या? हे तिला त्या दिवशी हसता हसताच कळलं होतं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"बावीसच्या बावीस विकू का?" तिनं विचारलं.

"तसं नाही म्हणत मी. वाडीच्या बाजूचा उतार मोकळा ठेवू. तिथं आठ-दहा पोसतील."

"बारा पोसतील."

"दहा."

दहावर मिटलं. बाकीच्या बाजारात गेल्या. ठिपक्यांची तिनं ठेवली. बाजारातून रिकामी दावी घेऊन परत येताना तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा.  पण पुढच्या आठवड्यात बद्रीनाथांनी तिला रोजंदारीवर राखणीला घेतलं. आता ती काठी घेऊन दऱ्यात जायची आणि दुसऱ्यांच्या शेळ्या हाकलायची, तेव्हा वाडीतले लोक तोंडावर हसायचे. तीही हसायची.

सीताफळं दसऱ्याच्या आसपास डोळे उघडायला लागली. श्रीशैलनं पुण्याच्या व्यापाऱ्याशी बोलणं केलं, हनुमाननं अकरा गडी जमवले आणि वनखात्याच्या परवानगीनं पाट्यांच्या पाट्या खाली तेलगावला उतरल्या. तेवढ्यानं कोयता काही सुटला नाही. हनुमान त्या साली गेलाच. पण दिवाळी करून गेला, आणि सून घरी राहिली, कारण उरलेली फळं उतरवायला कुणीतरी हवं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, म्हणून मुकादम कुरकुरला, म्हणाला, "अर्धा कोयता घेऊन काय करू बे?" हनुमान म्हणाला, "पुढल्या साली तोबी मिळंल का बघ."

सुनेनं त्या हंगामात गडी असे कामाला लावले की बायनाबाई बघतच राहिली.

डिसेंबरात एकदा भगवानराव सरपंच पाहुण्यांना घेऊन दऱ्याशी आले. जिल्ह्याचे कोणी पुढारी होते. खालूनच त्यांचा आवाज वर येत होता, "हा आमचा मोरदरा. आमी राखलाय." बायनाबाई काठी टेकत खाली आली. भगवानराव तिला पाहून थोडे चपापले.

"सरपंच, तुमी वर कवा आलतात का?" तिनं विचारलं.

"आलतो की. लहानपणी. बोरं खायला."

"त्या चपट्या दगडाजवळची बोर?"

भगवानरावांचा चेहरा एकदम बदलला. "हाय अजून ती?"

"हाय की. पाडाला आलीये. जीप खाली लावा न् चला."

ती पुढं निघाली. मागून पाहुण्यांच्या चपला घसरत होत्या, सरपंचांना धाप लागली होती, आणि प्रत्येक वळणावर ते विचारत होते, अजून किती लांब हाय. बायनाबाई दर वेळी सांगत होती की आता आलंच.