पहिले हात

"नखं," सिस्टर उनाइसी म्हणाली.

एरोनीने हात पुन्हा नळाखाली धरले. कोपरापर्यंत साबण, मग ब्रश, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरती दोन मिनिटं. सुवा बंदराच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. ग्रीस कातडीतच मुरलं होतं, ते दोन मिनिटांत कुठलं निघायला?

"सिस्टर, हे आता माझ्याबरोबरच पुरायचं."

"मग तसाच पुरून घे. माझ्या वॉर्डात यायचं असेल तर घास."

उनाइसी तोंडाची फटकळ होती, पण जीव लावणारी. तिने एकेक नख उलटसुलट करून पाहिलं आणि त्याला आत सोडलं.

काचेच्या पेटीत त्याची मुलगी झोपली होती. पहिलंच मूल. सत्ताविसाव्या आठवड्यात, बायकोचा, वासितीचा, रक्तदाब एकाएकी चढला म्हणून पोट फाडून बाहेर काढलेलं. आज नववा दिवस. वजन किलोभरसुद्धा नाही, नाकात नळी, डोक्यावर उनाइसीने विणलेली पिवळी टोपी. टोपीच तेवढी अंगापेक्षा मोठी दिसत होती.

"आज बाईसाहेब खूश आहेत," उनाइसी म्हणाली. "शर्ट काढ आणि त्या खुर्चीत बस. छातीवर ठेवते तुझ्या. अशा पोरांना अंगाची ऊब औषधासारखी लागते."

एरोनी मागे सरकला. "नको. आई येतेय गुरुवारच्या बोटीने."

"मग येऊ दे की. तुझी छाती काय ती घेऊन येणारेय?"

"आमच्या घरात पोर पहिल्यांदा आईच घेते, सिस्टर. आम्हा पाचही भावंडांना तिनेच घेतलं, भावांच्या पोरांनाही. तिच्या हातात गेलेलं पोर जात नाही."

हे तो अगदी मनापासून बोलत होता. कोरो बेटावरच्या त्यांच्या घरामागे प्रत्येक मुलाच्या नावाने एकेक नारळ होता, बुंध्याशी त्याची नाळ पुरलेली. ती झाडं बघतच तो मोठा झाला होता. डॉक्टर आकडे सांगायचे, ते त्याला कळायचे नाहीत. आईचे हात कळायचे. चटया विणून चरे पडलेले, रुंद, कधीही न थरथरणारे. ते पेटीपर्यंत पोचले की पोर वाचलं, एवढा साधा हिशेब त्याने मनाशी मांडला होता. तोवर दुसऱ्या कुणाचा हात मध्ये नको, आपलासुद्धा.

वासिती काचेच्या भिंतीपलीकडे चाकाच्या खुर्चीत बसली होती. टाके पिकून ताप आल्यामुळे तिला आत यायला बंदी होती. तो बाहेर आल्यावर ती म्हणाली, "नऊ दिवस झाले रे. कुणी म्हणजे कुणी घेतलेलं नाही तिला. मला येऊ देत नाहीत, निदान तू तरी घे."

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. आईला बोट मिळू दे."

"पोरगी कुणाची आहे? तुझी का बुबूची, तुझ्या आईची?"

वासितीने खुर्ची वळवली आणि काचेला कपाळ टेकवलं.

त्याच दुपारी धक्क्यावरून कप्तानाचा फोन आला. 'वाइतुई' बोटीचा पाण्याचा पंप बसला होता, उद्याची कोरोची फेरी रद्द करावी लागणार होती. एरोनी रजेवर होता, तरी तसाच धावत गेला. तापलेल्या इंजिनखोलीत चार तास उताणा पडून त्याने दुसऱ्या एका जुन्या पंपाचे दोन भाग त्यात बसवले आणि बोट सुरू करून दिली. पाना निसटून डाव्या तळव्यात जखम झाली होती, ती त्याने फडक्याने बांधली.

"बायको दवाखान्यात आणि तू इथे?" कप्तान म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"माझी आई आण. गुरुवारी, वेळेवर. लोकांचं मी बघतो."

आयुष्यात कुठलं काम त्याने इतकं जीव तोडून केलं नव्हतं.

बुधवारी उनाइसीने रिकाम्या खुर्चीवर थाप मारून दाखवली. तो म्हणाला, "उद्या." तिने मान हलवली आणि दुसऱ्या पेटीकडे गेली.

गुरुवारी सकाळी मुलीचं पोट फुगलं होतं. रंग राखेसारखा झाला होता. डॉक्टर आले, दुसरे आले, सुया टोचल्या. अकरा वाजता थोरल्या डॉक्टरांनी एरोनीला बाजूला घेतलं आणि फार हळू आवाजात सांगितलं. त्यातलं एकच वाक्य त्याला समजलं. आता बंदी कुणालाच नाही.

उनाइसीने वासितीला खुर्चीसकट पेटीजवळ आणलं, नळ्या काढल्या आणि मुलीला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. वासिती रडली नाही. ती मुलीच्या कानाशी काहीतरी सांगत राहिली, घाईघाईने, बोट सुटायच्या आधी निरोप द्यावा तसं.

"एरोनी, तू घेतोस?" उनाइसीने विचारलं.

त्याने घड्याळ पाहिलं. बोट दोनला लागणार होती. "आई येतेय," तो म्हणाला. मग मुलीकडे वाकून म्हणाला, "जरा थांब. बुबू येतेय."

एक वाजून दहा मिनिटांनी ती गेली.

'वाइतुई' वेळेवर लागली. पंपाने वाटेत जरासुद्धा कुरकूर केली नाही. तीनच्या आत त्याची आई, मकेरेताबुबू, वॉर्डाच्या दारात उभी होती, काखेत नवी चटई, हातात झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड. रोंगोरोंगोला आली होती ती, नव्या पोराला एकेकाने कुशीत घ्यायच्या समारंभाला. सुनेचं तोंड पाहून तिला सगळं कळलं. उनाइसीने सगळ्यांना, मुलीलाही, कोपऱ्यातल्या खोलीत नेलं; तिथे म्हातारीने चटई पसरली आणि ती मांडी घालून बसली.

"तुझ्यासाठी थांबलो होतो, आई," एरोनी म्हणाला. "मी हात नाही लावला तिला. तुझ्या हातातलं पोर जात नाही म्हणून."

म्हातारीने हातातलं कापड मांडीवर ठेवलं.

"तुम्ही भावंडं किती, एरो?"

"पाच."

"आणि तुमच्या रांगेत नारळ किती?"

एरोनीने डोळ्यांपुढे घरामागची रांग आणली. विहिरीकडून मोजायला सुरुवात केली. त्या झाडांवर तो हजार वेळा चढला होता, मोजली मात्र कधीच नव्हती. पाचाच्या पुढे अजून दोन होती.

"तुझ्या आधीची," ती म्हणाली. "याच हातांतून गेली. एक तर रात्रभर होती माझ्याजवळ. तुम्हाला कशाला सांगू? माझ्या हातात तसलं काही नाही रे लेकरा. हात आहेत नुसते."

एरोनी भिंतीशी खाली बसला. छातीत मावेना इतकं रडू त्याला आलं, आणि खोलीतल्या तिघी बायकांनी त्याला रडू दिलं.

मग म्हातारीने चटईवर आपल्याशेजारी हात आपटला. "वासितीने घेतलंय. आता तू घे. तुझ्यानंतर मी. रोंगोरोंगो आहे ना? पोर आलं होतं, म्हणजे त्याला सगळ्यांनी घ्यायचं."

एरोनी उठला. पण चटईकडे न जाता बाहेर नळाशी गेला. बाह्या वर केल्या. कोपरापर्यंत साबण, मग ब्रश. तळव्यातली जखम झोंबली, तरी घासत राहिला. दवाखान्यात आता त्याला कुणी अडवणार नव्हतं. घड्याळाकडे बघत त्याने पुरती दोन मिनिटं भरू दिली आणि कोपराने नळ बंद केला.

उनाइसी टॉवेल घेऊन दारात उभी होती. त्याने हात पुढे केले. तिने नेहमीसारखं एकेक नख उलटसुलट करून पाहिलं. काळं होतं तसंच होतं.

"स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "जा आत."