एकोणीस नंबरच्या चॅनेलवर

अनिकाने सल्ला विचारायला फोन केला, तेव्हा श्रीरंगच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कॉलेज सोडताना या मुलीने बापाला विचारलं नव्हतं, ट्रकचं लायसन्स काढतानाही नाही. आणि आज विचारत होती, ट्रकमधल्या नव्या सीबी रेडिओला पैसे देऊन ट्यून करून घेऊ का! पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकून अमेरिकेत, हर्नडनमध्ये, उमेदीची सगळी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेल्या माणसाला याहून गोड प्रश्न कुठला?

"अजिबात देऊ नकोस," तो म्हणाला. "मी येतोय."

ती तासाभरावर, एका ट्रक स्टॉपवर थांबली होती. सीबी म्हणजे ट्रकवाल्यांचा आपसात बोलायचा रेडिओ. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं; आणि आपण बोललेलं आसपासच्या सगळ्यांनी ऐकायचं. तिथला दुकानदार म्हणत होता, नवा सेट मरतुकडाच असतो, मी उघडून चार स्क्रू फिरवतो, दोन पार्ट बदलतो, मग बघा आवाज कुठवर जातो.

"वॉरंटी जाईल, आणि पॉवर वाढवणं कायद्यात बसत नाही," तिथे पोचताच श्रीरंगने निकाल दिला. "आधी टेस्ट, मग खर्च. तुझा जुना सेट माझ्या गाडीत लाव. मी हायवेने लांब जातो, तू इथून बोल. तुम्हा ट्रकवाल्यांच्या नेहमीच्या एकोणीस नंबरच्या चॅनेलवरच, म्हणजे खरं काय ते कळेल."

"साउंड्स फेअर, बाबा." अनिका खुशीत होती. तिने जुना सेट बसवला, टपावर लोहचुंबकाचा अँटेना चिकटवला आणि माइक त्याच्यापुढे धरला. तो घेण्याआधी श्रीरंगने एकदा इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

हीच तर गोम होती. मराठी मंडळात तो सांगायचा, अनिका लॉजिस्टिक्समध्ये आहे. सुलेखा, त्याची बायको, वैतागायची. "ट्रक चालवते म्हणून सांग ना सरळ. चोऱ्या करते का?" पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हे श्रीरंगचं धोरण होतं आणि ते तो इमानेइतबारे पाळत आला होता.

हायवेवर टेस्ट झकास चालली होती. "बाबा, कॅन यू हिअर मी?" "येतंय ऐकू!" दर थोड्या अंतराने हेच. एवढ्यात गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. चारुदत्त होता, मंडळाचा अध्यक्ष आणि कॉलेजपासूनचा मित्र. माइक हातात धरूनच श्रीरंगने फोन घेतला.

"श्री, राग मानू नकोस यार. मंडळातला अतुल सांगत होता, त्याने अनिकाला गॅस स्टेशनवर पाहिलं. ट्रकमधून उतरताना. म्हणजे, ड्रायव्हरच्या दारातून."

श्रीरंगचा हात माइकवर आवळला गेला. "छे रे! अतुलला म्हणावं चष्मा बदल. माझी मुलगी ट्रक चालवेल? असले ट्रकवाले तिच्या हाताखाली आहेत. तसलं काही करत असती ना, तर मी मंडळात तोंड दाखवलं असतं का?"

"तेच म्हटलं मी त्याला," चारुदत्त सुटल्यासारखा हसला.

फोन ठेवून श्रीरंगने हात सैल केला, आणि इतका वेळ गप्प असलेला रेडिओ एकदम बोलायला लागला. "सर, युअर माइक वॉज ओपन!" कुणीतरी ओरडत होता.

बटण सबंध वेळ दाबलेलं होतं. दाबलेलं असताना आपल्याला काही ऐकू येत नाही, म्हणून त्याला कुणी थांबवूही शकलं नव्हतं. अमेरिकेत चारचौघांत मराठीत खुशाल काहीही बोलावं, कुणाला कळतंय, ही सगळ्यांसारखी त्याचीही सवय. लिफ्टमध्ये, डॉक्टरकडे, दुकानाच्या रांगेत ती कधी नडली नव्हती. आज ऐकणाऱ्यांत एकीला कळत होतं. अनिका उत्तरं इंग्रजीत द्यायची, पण समजायचं तिला सगळं. 'तसलं' सुद्धा.

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं श्रीरंगला वाटलं. स्वतःची एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"हू वॉज दॅट?" एका घोगऱ्या आवाजाने विचारलं. "व्हॉट वॉज ही सेइंग?"

श्रीरंगचा अंगठा बटणाकडे गेला, पण उत्तर त्याच्याआधीच आलं.

"दॅट्स माय डॅड." अनिकाचा आवाज शेजारच्या सीटवरून यावा इतका स्वच्छ आला. नव्या सेटला काहीएक करायची गरज नव्हती. "ही वॉज टेलिंग हिज फ्रेंड अबाउट मी. दॅट आय ड्राइव्ह अ ट्रक. ही ब्रॅग्ज अ लॉट."

मंडळात तो तिच्याबद्दल खोटं बोलायचा, ते स्वतःचं नाक राखायला. ती आत्ता खोटं बोलली होती, ते त्याचं राखायला. तेही अशा लोकांपुढे, ज्यांना तो कोण हे कधी कळणारही नव्हतं.

"गुड फॉर यू, पॉप्स!" तो घोगरा आवाज मनापासून म्हणाला. "यू मस्ट बी रिअल प्राउड."

तो माणूस उत्तराची वाट पाहत होता, आणि तिकडे अनिकाही ऐकत होती.

श्रीरंगने बटण दाबलं. "येस," तो म्हणाला. "थँक यू."